गाठीच्या लाकडाचे पात्र

शास्त्रपाठ : २ तीमथ्य २:२०-२१; २ करिंथ १२:७-९



पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात एका मोठ्या घरातल्या पात्रांचा उल्लेख आहे. त्या घरात सोन्यारुप्याची पात्रे आहेत, तशी लाकडाची आणि मातीचीही आहेत. आम्ही उपदेशक मंडळी या वचनावर बोलू लागलो की बहुधा सोन्याकडे पाहतो, आणि मातीकडे वळलोच तर यिर्मयाच्या अठराव्या अध्यायातल्या कुंभाराच्या घरी जातो. लाकडाच्या पात्राकडे फारसे कोणी फिरकत नाही. मीही २५ वर्षांच्या सेवेत त्यावर कधी बोललो नव्हतो. आज बोलणार आहे, परंतु त्याआधी मला माझी एक चूक सांगितली पाहिजे.

सीमाभागातल्या आमच्या मंडळीत एक वृद्ध सुतार आहेत. सगळे त्यांना मेस्त्रीमामा म्हणतात. उपासना मंदिरातली बाके, प्रभुभोजनाचे मेज, पुलपिटाच्या पायऱ्या, सारे त्यांच्या हातचे. त्यांचा एकुलता एक मुलगा १९ वर्षांचा असताना घर सोडून गेला. गेला त्या संध्याकाळी बापाने त्याला मारले होते, आणि तेही अंगणात, शेजाऱ्यांदेखत. ही मी कोणाकडून ऐकलेली कुजबूज लिहीत नाही. मेस्त्रीमामांनी स्वतः एका प्रार्थनासभेत उभे राहून ते कबूल केले होते, आणि हा मजकूर छापायला पाठवण्यापूर्वी मी त्यांना वाचून दाखवला आहे. पटाशीबद्दलचे माझे एक वाक्य त्यांनी दुरुस्त केले. मुलाबद्दलचे एकही नाही. मुलगा गेला त्याला आता १४ वर्षे झाली. पत्र नाही, फोन नाही.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, मी ईयोबाच्या पुस्तकावर उपदेश केला. शेवटच्या अध्यायात ईयोबाची गुरेढोरे दुप्पट झाली, आणि त्याला पुन्हा सात पुत्र व तीन कन्या झाल्या. मी मोठ्या उत्साहाने म्हणालो की, पाहा, जितकी मुले गेली तितकीच देवाने परत दिली. देव आपल्या जीवनातली प्रत्येक पोकळी भरून काढतो, जागा रिकामी ठेवीत नाही. वाक्य चांगले जमले असे मला वाटले. दारात दोघातिघांनी माझा हात हातात धरून तसे सांगितलेही. मेस्त्रीमामा मात्र आशीर्वाद होण्यापूर्वीच उठून गेले होते. पुढच्या रविवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मामी एकट्या येत, मागच्या बाकावर बसत आणि शेवटचे गीत चालू असतानाच निघून जात.

चौथ्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो. घराच्या पाठीमागे पत्र्याची शेड आहे, तिथे ते काम करतात. कोपऱ्यात मोटर बसवलेली जुनी लेथ आहे. पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, लाटणी, असे काम तिच्यावर चालते. त्या दिवशी मात्र लेथच्या पायाशी एक काळपट, फोडाफोडांचे, ओबडधोबड धूड पडलेले होते. गावाबाहेरचा रस्ता रुंद करताना त्या उन्हाळ्यात जुनी चिंच पाडली होती. ठेकेदाराने खोड नेले, फांद्या लोकांनी सरपणाला नेल्या, आणि बुंध्यावरची ही गाठ तेवढी राहिली. वखारवाल्याने ती फुकटही घेतली नाही, कारण कुऱ्हाडीने ती फुटेना. चिंचेचे लाकूड मुळातच चिवट. खाटकाचा ठोकळा चिंचेचा असतो तो उगीच नव्हे. त्यात ही गाठ. मेस्त्रीमामांनी ती हातगाडीवर घालून घरी आणली होती.

गाठ म्हणजे झाडाच्या अंगावर आलेले आवाळू समजा. झाडाला जखम होते, कीड लागते, बुरशी शिरते किंवा दुसरा काही ताण पडतो, आणि त्या जागी लाकूड सरळ वाढायचे सोडून वेडेवाकडे वाढू लागते. सालीखाली झोपलेल्या कळ्या शेकड्यांनी जाग्या होतात, पण त्यांची फांदी होत नाही. त्या तिथेच लाकडात गुंडाळल्या जातात. म्हणून गाठ कापली की आत बारीक बारीक डोळे दिसतात, आणि लाकडाच्या रेषा पाण्याच्या भोवऱ्यासारख्या फिरलेल्या असतात. वाढता वाढता कुठे साल आत चिणली जाते, कुठे दोन फुगवटे एकमेकांना भिडतात पण जुळत नाहीत, कुठे आतले लाकूड कुजून जाते. त्याच पोकळ्या. एका झाडाला गाठ का आली आणि शेजारच्याला का नाही, याचे उत्तर जाणकारांनाही प्रत्येक वेळी देता येत नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला असाच प्रश्न विचारला होता, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे. आणि प्रभूने त्या दोन्ही उत्तरांना नकार दिला (योहान ९:३).

मराठीत हा शब्दही मोठा विलक्षण आहे. दोरीला गाठ पडते, मनात गाठ बसते, आणि माणसांचीही गाठ पडते. याकोबाची यब्बोकच्या उतारापाशी रात्री देवाशी गाठ पडली. पहाटे त्याला आशीर्वाद मिळाला, नवे नाव मिळाले, पण मांडीचा सांधा निखळला तो काही परत बसवून दिलेला नाही. सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत चालला होता, असे उत्पत्तीच्या ३२ व्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे.

लेथवर लाकूड कातण्याचे काम आपल्याकडे नवे नाही. कातारी हा आपला जुना शब्द आहे. सावंतवाडीची रंगीत लाकडी फळे आमच्या भागातल्या कितीतरी घरांत आहेत, आणि बडोद्याच्या वाचकांना तिथून जवळ असलेल्या संखेड्याच्या खराद्यांचे काम ठाऊक असेल. तिथे फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. निकोप, सरळ रेषांचे लाकूड निवडायचे, आणि वर लाखेचे झळझळीत कवच चढवायचे. काम सुंदर असते. पण गाठीच्या लाकडाची रीत निराळी आहे. तिथे वरून चढवायचे काही नसते. जे आहे ते उघडे करायचे असते, आणि ते न फुटता उघडे करणे हीच कारागिरी.

त्या दिवशी मी गेलो तेव्हा मेस्त्रीमामा गाठीसमोर स्टुलावर नुसते बसून होते. मी माफी मागायला आलो होतो, पण कशाबद्दल मागायची हेच मला नीट कळलेले नव्हते. म्हणून आम्ही लाकडाबद्दल बोललो. सकाळपासून ते तिच्याकडे पाहत होते. तोंड कुठल्या बाजूला ठेवायचे, कुठली चीर आत किती गेली असेल, हे हात लावण्यापूर्वी ठरवायचे असते. नंतर ठरवता येत नाही. हे ऐकताना मला कुंभाराची आठवण झाली. चाकावरचे भांडे बिघडले तर कुंभार माती पुन्हा मळतो आणि दुसरे भांडे करतो, जणू आधीचे काही झालेच नव्हते. लाकूड पुन्हा मळता येत नाही. त्याच्या अंगावर झालेले सगळे त्याच्या अंगात राहते.

पुढचे दोन-तीन दिवस मी जात राहिलो. त्यांनी यांत्रिक करवतीने गाठीचे दोन भाग केले आणि एक भाग गोलसर तासून, लेथच्या लोखंडी तबकडीला लांब स्क्रूंनी आवळला. दुसऱ्या बाजूने टेकू दिला. असा बेढब ठोकळा फिरू लागला की सगळी लेथ थरथरते, म्हणून वेग अगदी कमी. ते मला समोर उभे राहू देत नसत. आत काय दडले आहे हे कोणालाच ठाऊक नसते. सालीचा पट्टा आतून गेलेला असला तर तुकडा सुटतो आणि गोळ्यासारखा सरळ समोर येतो. ते स्वतः तोंडावर जाड प्लॅस्टिकची झापड ओढून, अंग एका बाजूला ठेवून काम करीत.

अखंड लाकडावर गोल पटाशीचा आवाज एकसारखा येतो. पोकळी आली की ठक् ठक् ठक् असा तुटक येऊ लागतो, कारण प्रत्येक फेऱ्यात हत्यार क्षणभर रिकाम्या जागेत जाते आणि पुन्हा कडेवर येऊन आदळते. फिरत असताना भोक दिसत नाही. तिथे फक्त एक धूसर सावली दिसते. आवाज बदलला की ते लेथ बंद करीत, पोकळी निरखून पाहत, ग्राइंडरवर पटाशीला पुन्हा धार देत आणि मग आधीपेक्षा हलका घाव घेत. मी विचारले की इतक्या वेळा धार कशाला. ते म्हणाले, “बोथट हत्याराला जोर लावावा लागतो. सरळ लाकूड तो जोर सोसतं. पण भोकाच्या कडेला तोच जोर लागला की पात्र फुटतं. हात तोच, हत्यार तेच, लाकूडही तेच.”

वाचकहो, मी तिथे उभा होतो आणि माझा ईयोबावरचा उपदेश मला आठवत होता. तोच उपदेश, तोच आवाज. बाकीच्यांनी तो सोसला, काहींना आवडलाही.

दुसऱ्या दिवशी आतली बाजू कोरताना पोकळीचे तोंड उघडे पडले. काहीतरी बोलायचे म्हणून मी म्हणालो, “मामा, यात भुसा आणि फेविकॉल कालवून भरला तर? वरून काचपेपर मारला की कोणाला कळणारही नाही.”

ते म्हणाले, “भरता येतं की. दाराच्या चौकटीला आम्ही भरतोच. पण लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आवळतं. भरलेलं त्याच्याबरोबर फुगत नाही न् आवळत नाही. दोन वर्षांत कड सोडतं. मग ते धड लाकूडही नाही आणि धड भोकही नाही.” त्यांनी झापड वर केली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “पाळकसाहेब, त्या रविवारी तुम्ही ईयोबाची मुलं मोजलीत. दहा गेली, दहा आली. आधीच्या दहांची नावं त्याची बायको विसरली असेल काय?”

मला उत्तर सुचले नाही. आजही फारसे सुचत नाही. घरी येऊन मी तो अध्याय पुन्हा वाचला. गुरे दुप्पट झाली असे शास्त्र सांगते. मुले मेलेल्या मुलांच्या जागी आली असे ते कुठेही म्हणत नाही. उलट, सगळे परत मिळाल्यावरही ईयोबाचे भाऊबंद येऊन त्याच्याबरोबर जेवले आणि त्याचे सांत्वन करीत बसले, असे तिथे लिहिले आहे (४२:११). सगळे भरून निघाले असते तर सांत्वन कशाचे? हे वचन मी कितीदा वाचले होते कोण जाणे.

पुढच्या रविवारी मी पुलपिटावरून ती चूक सांगितली. मेस्त्रीमामा आलेले नव्हते. त्यानंतर दोन रविवारांनी ते मामींबरोबर आले आणि मागच्या बाकावर बसले.

कोरलेले पात्र मात्र तेव्हा तयार नव्हते. लाकूड ओले होते. पहिल्या खेपेला भिंत मुद्दाम जाड ठेवतात, व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी. आणि मग ते पात्र कागदी पिशवीत, त्याच्याच भुशात पुरून, वारा न लागेल अशा जागी ठेवून देतात. घाईने वाळवले तर तडकते. मेस्त्रीमामा दर पंधरा दिवसांनी ते तराजूवर घालीत आणि वजन एका जुन्या डायरीत लिहीत. वजन उतरायचे थांबले की लाकूड वाळले. पावसाळा होता, त्यामुळे सहा महिने लागले. वाळताना ते थोडे वाकडे झाले आणि अंगावर बारीक सुरकुत्या आल्या. गाठीच्या रेषा सगळ्या दिशांनी धावत असल्याने ती सरळ लाकडासारखी एकाच बाजूला ओढली जात नाही, एवढेच तिचे बरे.

अशा लाकडाला मान मिळवून देणाऱ्यांपैकी एक नाव मला त्या सहा महिन्यांत वाचनात सापडले. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या बेरिया कॉलेजात रूड ओसोल्निक १९३७ साली आले आणि १९७८ पर्यंत तिथे हस्तव्यवसाय शिकवीत राहिले. २००१ साली ते वारले. इतरांनी टाकाऊ ठरवलेले लाकूड घेऊन, साल आणि चिरा यांच्यासकट त्याची पात्रे करण्याबद्दल त्यांचे नाव झाले. त्या कॉलेजची हकीगतही ऐकण्यासारखी आहे. गुलामगिरीला कडवा विरोध करणाऱ्या जॉन फी नावाच्या उपदेशकाने १८५५ साली ते सुरू केले. देवाने सर्व लोक एकाच रक्ताचे केले, हे प्रेषितांच्या कृत्यांतले वचन (१७:२६) त्याचे ब्रीद आहे, आणि १८६६ पासून काळे व गोरे विद्यार्थी तिथे एकत्र शिकत. १९०४ साली राज्याने कायदा करून ते बंद पाडले, १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला, आणि १९५० साली कायदा बदलेपर्यंत काळ्या विद्यार्थ्यांना तिथे प्रवेश नव्हता. म्हणजे ओसोल्निक आले तेव्हाही ती बाके रिकामीच होती. ४६ वर्षांची ही पोकळी ते कॉलेज आपल्या इतिहासातून वगळत नाही. असो. विषयांतर झाले, पण पात्राच्या गोष्टीत मला ते सोडवेना.

जानेवारीत मेस्त्रीमामांनी पात्र पुन्हा लेथवर चढवले. या खेपेला भिंत बोटाच्या निम्म्या जाडीपर्यंत आणली, आणि मधले भोक पुरते उघडे झाले. मोठा आवळा आरपार जावा एवढे. त्याच्या बाजूला आणखी दोन लहान. भोकात तपकिरी, भुसभुशीत माल भरलेला होता, कुजलेली साल आणि किडीची विष्ठा. एका दाताच्या डॉक्टरांनी टाकून दिलेली टोकदार सळई त्यांच्याजवळ होती. तिने ते दोन दिवस हा माल टोकरून काढीत बसले होते. लेथ बंदच होती. घाई करून तो तसाच ठेवला तर कीड आतल्या आत खात राहते, आणि वरून तेल दिले तरी वास जात नाही. टणक लाकूड लागेपर्यंत कोरायचे आणि तिथे थांबायचे. कडेला दोन केसासारख्या चिरा होत्या, त्यांत त्यांनी पातळ सरस सोडला. तेवढे मात्र भरले. न भरते तर भिंत उभी राहिली नसती. तेव्हा कुठलेच भोक भरू नये असा काही नियम आहे, असे वाचकांनी समजू नये. भोकाच्या आसपास काचपेपरही त्यांनी हाताने फिरवला, कारण लेथवर फिरवला तर तो कडेत अडकतो आणि कडा बोथट करतो. शेवटी अळशीच्या तेलाचे हात दिले.

आता आपण शास्त्राकडे वळू.

पौल लाकडाच्या पात्राबद्दल लिहितो तेव्हा लगेच पुढच्या ओळीत शुद्ध होण्याची गोष्ट काढतो. लेवीय १५:१२ मध्ये एक बारीक नियम आहे, जो आपण भरभर वाचून पुढे जातो : अशुद्ध झालेले मातीचे भांडे फोडून टाकावे, लाकडाचे मात्र पाण्याने धुवावे. लाकडाला धुण्याची संधी आहे. भोकातला कुजका माल आणि भोक या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या शेडमध्ये पाहिले. पाप हा कुजका माल आहे. तो निघाला पाहिजे, टणक लाकूड लागेपर्यंत निघाला पाहिजे. आणि ख्रिस्ताचे रक्त तो काढते, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. ज्या संध्याकाळी मेस्त्रीमामांनी प्रार्थनासभेत उभे राहून आपला अपराध सांगितला, त्या संध्याकाळी त्यांची क्षमा झाली. पण मुलगा त्या रात्री परत आला नाही. नाथान दावीदाला सांगतो की परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, आणि त्याच दमात सांगतो की मूल जगणार नाही (२ शमुवेल १२:१३-१४). क्षमा खरी, आणि रिकामा पाळणाही खरा. आम्ही उपदेशक यातले एक सांगतो आणि दुसऱ्यावर लांबी भरतो. मग ऐकणाऱ्याला वाटते की आपल्या छातीत अजून भोक आहे त्याअर्थी आपली क्षमा झालेलीच नाही. मेस्त्रीमामांना १४ वर्षे तेच वाटत होते. माझ्या त्या उपदेशाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

पौलाच्या शरीरात काटा होता. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. कृपा पुरे आहे एवढे उत्तर मिळाले. प्रभू येशू मरणातून उठला, बंद दारांतून आत आला, त्याचे शरीर मरणाच्या पलीकडचे होते. तरी थोमाला दाखवायला त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते. थडगे रिकामे करणाऱ्या देवाला ते बुजवता आले नसते काय? बंधुभगिनींनो, याचे पूर्ण स्पष्टीकरण मला देता येत नाही, आणि जे देतात त्यांच्यापासून मी आता जरा दूर राहतो. एवढे मात्र दिसते की थोमा त्या जखमांवरूनच प्रभूला ओळखू शकला.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना इथे दोन शब्द सांगावेसे वाटतात. तुमच्या वर्गात असे एखादे मूल असतेच, ज्याचा बाप गेला, किंवा आई घर सोडून गेली, किंवा भाऊ पाण्यात बुडाला. त्याला आपण चटकन सांगतो की देवाला तो हवा होता म्हणून देवाने नेला, किंवा आता देवच तुझा बाप. दुसरे वाक्य शास्त्रातले आहे, पण ते कधी आणि कोणत्या आवाजात म्हणायचे याला महत्त्व आहे. पोकळीच्या कडेवर हत्यार हलके चालवा. पुष्कळदा त्या रविवारी काही न बोलता त्या मुलाशेजारी बसून चित्र रंगवणे पुरे होते.

पात्र पुरे झाल्यावर मेस्त्रीमामांनी ते फेब्रुवारीतल्या कापणीच्या सणाला मंडळीला अर्पण केले. दानासाठी वापरावे अशी त्यांची इच्छा होती. पंचांच्या सभेत ते मेजावर ठेवले तेव्हा सगळे त्याच्या अंगावरचे भोवरे पाहत राहिले. मग आमच्या खजिनदारांनी खिशातले पाच रुपयांचे नाणे आत टाकले आणि पात्र जरा कलते केले. नाणे भोकातून मेजावर पडले. सगळे हसले, मेस्त्रीमामाही हसले. एकाने खाली ताटली ठेवायची सूचना केली, दुसऱ्याने भोक भरून घ्यावे असे सुचवले, तिसऱ्याने म्हटले की हल्ली निम्मे लोक फोनवरूनच दान देतात, ते काही भोकातून पडत नाही.

एक वडील मात्र गंभीर होते. ते म्हणाले की व्यंग असलेले अर्पण देवाला चालत नाही, लेवीय २२ पाहा, मलाखी १ पाहा. त्यांचा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. त्यांनी वचने बरोबर सांगितली होती. पण निष्कलंक अर्पण एकदाच आणि कायमचे झाले आहे, असे इब्रीकरांस पत्र सांगते. ते कोकरू निष्कलंक होते म्हणूनच त्याच्याजवळ येणाऱ्यांना आपली व्यंगे घरी ठेवून यावे लागत नाही. आणि जुन्या नियमातही, ज्या अहरोनपुत्राच्या अंगात व्यंग असे त्याला वेदीजवळ जाता येत नसे, तरी देवाच्या अन्नातला त्याचा वाटा काढून घेतलेला नव्हता (लेवीय २१:२२). ते वडील थोडा वेळ गप्प बसले. त्यांना पटले की नाही ते सांगता येत नाही. सभेत मत घेतले तेव्हा ते तटस्थ राहिले.

दानाला ते पात्र वापरत नाहीत. नाण्यांचा मुद्दा खराच होता. ते दाराजवळच्या मेजावर असते आणि त्यात वचनांच्या चिठ्ठ्या ठेवतात. लहान मुले वरून हात न घालता भोकातून बोट घालून चिठ्ठी ओढतात, आणि तेलकट बोटांनी त्या भोकाची कड आता काळी, गुळगुळीत झाली आहे.

मुलगा आलेला नाही. मामी अजून रात्री पुढच्या दाराची कडी आतून लावीत नाहीत.

हा मजकूर वाचून दाखवायला मी गेलो तेव्हा मेस्त्रीमामा गाठीचा दुसरा भाग लेथवर चढवत होते. दोन वर्षे तो शेडच्या कोपऱ्यात पडून होता. त्यात पहिल्यापेक्षा मोठ्या पोकळ्या असाव्यात असे बाहेरूनच दिसत होते. कदाचित पात्र व्हायच्या आधीच फुटेल, असे ते म्हणाले. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, पटाशीचे ते वाक्य सुताराच्या जाड पेन्सिलीने दुरुस्त केले, कागद परत दिला, झापड खाली ओढली आणि मोटरचे बटण दाबण्यापूर्वी म्हणाले, “पाळकसाहेब, समोर नको. इकडे बाजूला या.”